पुढच्या दातातली खाच

डॉक्टरबाईंकडे पुढच्या दातांना कॅप बसवून घ्यायची असेल, तर पेशंटला सोबत एक माणूस आणावं लागतं. आणि असं तसं माणूस चालत नाही. पेशंटला आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा हसताना ज्याने पाहिलंय, तेच माणूस लागतं. लॅबमधून कॅप आल्या, की डॉक्टरबाई त्या आधी कच्च्या सिमेंटने बसवतात आणि आठ दिवस पेशंटला घरी पाठवतात. जेवा, बोला, भांडा, हसा. नवव्या दिवशी त्या माणसाला घेऊन या. त्याने मान डोलावली, तरच पक्कं सिमेंट. नाहीतर कॅप परत लॅबमध्ये.

लोक वैतागतात. दात आमचा, तोंड आमचं, मध्ये हे माणूस कशाला? पण डॉक्टरबाई ऐकायच्या नाहीत. लग्न ठरलेला एक तरुण मोठ्या थाटात होणाऱ्या बायकोला घेऊन आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ही अजून तुमचं जपून हसणंच पाहतेय. घरातलं हसू पाहिलेलं कोण आहे?" तो गुपचूप गेला आणि थोरल्या बहिणीला घेऊन आला. बहिणीने दारातूनच सांगितलं, "याचा डावा दात लांब झालाय. हसला की चावायला आल्यासारखा दिसतो." मोजून पाहिलं, तर खरंच केसभर लांब निघाला. एका हेडमास्तरांच्या बायकोने तर हातच जोडले. "घरी हे हसतात कुठे? शाळेच्या शिपायाला बोलवा." शिपायाला बोलावलं. डॉक्टरबाईंच्या पेशंटच्या कार्डावर 'सोबत' नावाचा एक रकाना आहे. त्यात बहीण, आजोबा, न्हावी, कॅरमचा जोडीदार असं काय काय लिहिलेलं सापडतं. त्या हेडमास्तरांच्या कार्डावर 'शिपाई' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं आहे.

आता कुणाला वाटेल, या बाईंचा स्वतःच्या कामावर भरवसा नसावा. तसं अजिबात नाही. चोपन्न वर्षांच्या या बाईंचा हात असा बसलेला आहे, की लॅबवाला त्यांचं माप डोळे मिटून घेतो. पेशंट खुर्चीत बसला, की त्या आधी दिवा लावत नाहीत, खिडकीचा पडदा सारतात. रंगपट्टी दाताशी धरून खिडकीच्या उजेडात रंग ठरवतात, आणि तोही पहिल्या मिनिटात. तोंड उघडं राहिलं की दात सुकतो, सुकला की उगाच पांढरा दिसतो, आणि त्या पांढऱ्याला भुलून केलेली कॅप पुढे जन्मभर शेजारच्या दातांपासून फटकून राहते. मग दात घासून बारीक करणं, हिरडीच्या कडेला बारीक दोरा दाबून कड मोकळी करणं, आणि मग माप. मापाचा लगदा भरलेला ट्रे तोंडात गेला, की भल्याभल्यांना उमासे येतात. डॉक्टरबाई म्हणतात, "उजवा पाय उचला. अजून वर. तसाच धरून ठेवा." पाय धरून ठेवायच्या नादात माणूस उमासा विसरतो. शेजारी हातात घड्याळ घेऊन त्यांची मदतनीस उभी असते. तिला सगळे घड्याळबाई म्हणतात. ती "एक मिनिट झालं... दोन झाली..." असं इतक्या गंभीरपणे सांगते, की पेशंटला आपण परीक्षेला बसलोय असं वाटतं.

भरवसा होताच. नको इतका होता. सोबतीचा हा नेम त्या भरवशामुळेच आला, पण हे त्या कुणाला सांगत नसत.

एकोणतीस वर्षांपूर्वी, दवाखाना उघडून महिनाही झाला नव्हता, तेव्हा त्यांनी स्वतःच्या वडिलांच्या दोन पुढच्या दातांना कॅप बसवल्या होत्या. पुढच्या दातांचं ते त्यांचं पहिलं काम. बाबा पोस्टमन. त्यांचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, कोपरा उडालेला. दारोदार पत्रं देताना ते तेच वेडेवाकडे दात दाखवून खळखळून हसायचे, आणि त्यांचं हसू चार दारं पलीकडे ऐकू जायचं. मुलीने ते दात सरळ केले, शुभ्र केले, एका रांगेत आणले. कॅप आल्या त्याच दिवशी, त्याच बैठकीत पक्क्या सिमेंटने बसवूनही टाकल्या. आरसा हातात दिला. बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, "छान."

पुढे चार वर्षांनी बाबा गेले. भिंतीवर लावायला फोटो हवा, म्हणून मुलगी पेटीतले सगळे फोटो घेऊन बसली. कॅपच्या आधीच्या प्रत्येक फोटोत बाबा तोंडभर हसत होते. नंतरच्या एकाही फोटोत त्यांचे ओठ उघडे नव्हते. एकाही! तिने ते फोटो तीन-तीनदा लावून पाहिले. मग तिला कळलं. तिने बाबांना दुसऱ्याच कुणाचे तरी दात दिले होते, आणि ते घालून त्यांना हसता आलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात दवाखान्याच्या कार्डावर नवा रकाना छापून आला.

आईजवळ मात्र हा विषय त्यांनी कधी काढला नाही. आईनेही काढला नाही. मुलीला वाटायचं, आईच्या लक्षातच आलं नसेल.

तर आता या आईची गोष्ट. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. शिवणकाम करणारी. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, मशीनवर बटणांचा डबा, भिंतीला खिळ्यावर मापाची फीत. तिच्या हातचे कोट आणि झगे घालून या गल्लीतल्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. एका दुपारी इस्त्रीच्या वायरीत तिचा पाय अडकला आणि ती तोंडावर मशीनच्या कडेवर आपटली. वरचे पुढचे दोन्ही दात अर्ध्यातून गेले.

ती रिक्षा करून दवाखान्यात आली, तोंडाला रुमाल आणि हातात बटणांचा डबा.

"डबा कशाला आणलास?" डॉक्टरबाईंचा जीव वरखाली होत होता.

"तुकडे आहेत आत. उडाले होते, शोधून ठेवले. बटणांत मिसळलेत, नीट बघ."

घड्याळबाईने डबा पांढऱ्या ट्रेमध्ये उलटा केला. शे-दीडशे बटणांतून तीन तुकडे निवडून काढले. एका दाताचा अख्खा, दुसऱ्याचे दोन. पुन्हा चिकटवण्याच्या लायकीचे ते राहिले नव्हते, आणि एका दाताचं रूट कॅनाल करणं भाग होतं. पण दातांचा आकार काय होता, ते त्यांवरून कळत होतं. अख्ख्या तुकड्याच्या खालच्या कडेला एक छोटी गोल खाच होती. साठ वर्षं दोरा दातांनी तोडून पडलेली.

ती खाच डॉक्टरबाईंना जन्मापासून ठाऊक होती. लहानपणी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलं, की वर तीच दिसायची. दोरा त्या खाचेत जायचा, टक्क आवाज व्हायचा, आणि आई हसायची.

चार बैठकांनी रूट कॅनाल झालं, हिरड्यांची सूज उतरली. मापाच्या दिवशी डॉक्टरबाईंनी खिडकीशी रंग पाहिला, दात घासले, दोरा दाबला. ट्रे तोंडात गेला तेव्हा आईने न सांगताच उजवा पाय उचलला. ही युक्ती मुलीने तिच्याकडूनच उचलली होती. कोटाचं माप देताना पोरं गुदगुल्यांनी वळवळायची, तेव्हा आई त्यांना एका पायावर उभं करायची. माप पहिल्याच खेपेला इतकं स्वच्छ आलं, की घड्याळबाईने ते उजेडात धरून "वा मॅडम" म्हटलं. डॉक्टरबाईंनी प्लास्टरच्या साच्यावर ते तिन्ही तुकडे मेणाने जोडले, म्हणजे लॅबवाल्याला जुना आकार कळेल. सोबतच्या चिठ्ठीवर रंग लिहिला, लांबी लिहिली. आणि शेवटी, हात जराही न अडखळता, लिहिलं: 'कडेची खाच भरून घ्यावी.'

कारण सरळ होतं. खाच म्हणजे झीज. झीज डॉक्टर भरून काढतात. शिवाय या वयात दातांनी दोरे तोडायचे नसतात. यात चुकीचं काही आहे, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

कॅप आल्या त्या देखण्या आल्या. लॅबवाल्याने जीव ओतला होता. डॉक्टरबाईंनी कच्च्या सिमेंटने त्या बसवल्या, निळा कागद चावायला देऊन दातावर दात नीट बसतोय का ते पाहिलं आणि आरसा दिला.

"छान," आई म्हणाली.

"आठ दिवसांनी ये. आणि तुला हसताना पाहणारं कुणीतरी आण. नेम म्हणजे नेम."

नवव्या दिवशी आई एकटीच आली. गळ्यात एक काळी फीत, आणि फितीला लोंबणारी छोटी कात्री.

डॉक्टरबाई त्या कात्रीकडे बघत राहिल्या. साठ वर्षांत आईच्या गळ्यात कात्री नव्हती. दुसऱ्या शिवणाऱ्या बायका अडकवायच्या, तेव्हा आई म्हणायची, मला देवाने तोंडातच दिलीय.

"हे काय गं?"

"दोरा निसटतो," आई म्हणाली. ओठ जेमतेम उघडले. "गुळगुळीत आहेत ना. असू दे, सवय होईल."

"दात दोरे तोडायला नसतात, आई. बरंच झालं एका अर्थी. पण दिसायला कसे वाटतात? खरं सांग."

"छान आहेत."

"खरं सांग म्हटलं ना!"

आई शांतपणे म्हणाली, "तुझ्या बाबांनी सांगितलं होतं ना, तेवढंच खरं आहे हे."

घड्याळबाई काम नसताना उगाच आतल्या खोलीत निघून गेली. डॉक्टरबाई चाकाच्या स्टुलावर मटकन बसल्या.

"तुला माहीत होतं?"

"बाई गं, त्यांच्या शेजारी बसून जेवत होते मी. माहीत नसेल?"

"मग बोलली का नाहीस? मी काढून पुन्हा केल्या असत्या."

"मी म्हटलं त्यांना. पहिल्याच आठवड्यात म्हटलं, जा तिच्याकडे, सांगा तिला, बदलून दे म्हणावं. तर म्हणाले, पोरीचं पहिलं काम आहे. उसवायचं नाही." आईने कात्रीची फीत सारखी केली. "आणि मी ऐकलं त्यांचं. कोट द्यायच्या आधी कच्चे टाके घालून अंगावर चढवून बघावा, हे मी जगाला सांगत आले. तुला सांगितलं नाही. नंतर तू ते आठ दिवसांचं सुरू केलंस, तेव्हा मला वाटलं, चला, शिकली आपली आपण."

शिकली! डॉक्टरबाईंना स्वतःचा राग आला. एवढा नेम केला, रकाना छापला, शेकडो लोकांना माणूस आणायला लावलं, आणि स्वतःच्या आईच्या चिठ्ठीवर लिहिलं काय, तर खाच भरून घ्यावी. बाबांचे दात सरळ केले, तसाच हा आईचा दात. यावेळी निदान सिमेंट कच्चं होतं.

"आई, आ कर," त्या म्हणाल्या. दोन मिनिटांत दोन्ही कॅप ट्रेमध्ये होत्या.

लॅबवाला फोनवर रुसलाच. "मॅडम, तीस वर्षं लोक मला म्हणतात दात निर्दोष कर. तुम्ही म्हणता दोष घालून दे. कुणी विचारलं, हा फुटका दात कुठल्या लॅबचा, तर मी काय सांगू?"

"सांगा, माझ्या लॅबचा आहे. आणि खाच तुकड्यात आहे तशीच हवी. तेवढीच खोल, त्याच जागी. कड गुळगुळीत घासा, नाहीतर दोरा चिरेल."

"दोरा?"

"तुम्ही करा हो. आणि मटेरियल सगळ्यांत टणक असेल ते घ्या, कपची उडायला नको. माझी आई आहे, ती ऐकायची नाही."

दुसऱ्या कॅप आल्या तेव्हा डॉक्टरबाईंनी भिंग लावून तुकड्यातली खाच आणि कॅपमधली खाच शेजारी शेजारी धरली. लॅबवाला रुसला होता, पण चुकला नव्हता. पुन्हा कच्चं सिमेंट, पुन्हा आठ दिवस.

नवव्या दिवशी आई आली. पुन्हा एकटी. गळ्यात कात्री नव्हती.

"कुणाला आणलंस?"

"कुणाला आणू? मला हसताना पाहणारा तर गेला."

"मग शेजारीण आण. कापडवाला आण. तो नाही का, अर्धा अर्धा तास तुझ्याशी गप्पा मारतो?"

"त्याच्याशी मी हसते ते कापड चार बोटं जास्त कापून घ्यायला. तूच बघ की."

"डॉक्टर चालत नाही, आई. डॉक्टरला स्वतःचं काम चांगलंच दिसतं. तुझ्यासमोरच दोनदा सिद्ध झालंय."

"बरं बाई," आई म्हणाली. तिची नजर मुलीच्या पांढऱ्या कोटावर गेली. "हे बटण लोंबतंय. असल्या अवताराने पेशंट बघतेस? इकडे ये."

"आई, नंतर."

"नंतर बटण हरवतं."

आईच्या पर्समध्ये सुईदोरा नेहमीच असतो. डॉक्टरबाई स्टूल पुढे ओढून तिच्यासमोर बसल्या. खुर्ची उंच होती, स्टूल बुटकं. त्यामुळे मुलीचा चेहरा आईच्या छातीशी आला. आईने चार टाके घातले, दोऱ्याचे तीन वेढे दिले, गाठ मारली. मग कोटावर झुकली आणि मुलीला काही कळायच्या आत दोरा तोंडात धरला.

"आई, नको! कच्चं सिमेंट आहे!"

टक्क.

दोरा तुटला. कॅप जागेवर होती. आईने तोंड वर केलं, आणि मुलीचा पांढराफटक पडलेला चेहरा पाहून तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग तोंड उघडलं आणि ती खळखळून हसली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, घड्याळबाई आतून धावत बाहेर येईस्तोवर. "तुझं तोंड बघ! तुझं तोंड बघ जरा!"

डॉक्टरबाई आईचं तोंड बघत होत्या. खालून, अगदी जवळून. वरचे दोन दात, एकाच्या कडेला खाच, आणि खाचेत अडकलेला पांढऱ्या दोऱ्याचा एक तंतू. हे हसू त्यांनी याच जागेवरून, इतक्याच अंतरावरून, बोलताही येत नव्हतं तेव्हापासून पाहिलं होतं. कुणाला विचारायची गरजच नव्हती.

"बाई," त्या घड्याळबाईला म्हणाल्या, "पक्कं सिमेंट काढा."

मग सगळं रोजच्यासारखं झालं. कॅप काढल्या, आतून पुसून कोरड्या केल्या. गालांशी कापसाच्या वळ्या ठेवल्या. सिमेंट भरलं, दोन्ही कॅप सरळ जागेवर दाबल्या आणि त्यांवर बोटं धरली. आता पाच मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही. आईच्या आयुष्यात अशी पाच मिनिटं फार आली नव्हती.

"एक मिनिट," घड्याळबाई म्हणाली.

"आई," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. बोटं तशीच होती. "बाबांचं मी चुकवलं. चार वर्षं ते माझ्यामुळे हसले नाहीत. मला फार वाईट वाटतं गं. रोज वाटतं."

आईला बोलता येत नव्हतं. तिने हात उचलला आणि मुलीच्या मनगटावर ठेवला, कॅपवर दाबून धरलेल्या त्याच हाताच्या मनगटावर.

"दोन झाली," घड्याळबाई म्हणाली. पुढची तीन मिनिटं तिने मोठ्याने मोजली नाहीत. पाचवं संपलं तेव्हा नुसती मान हलवली.

डॉक्टरबाईंनी कडेचं जादा सिमेंट अवजाराच्या टोकाने खरवडून काढलं, दातांच्या फटीतून दोरा फिरवला, चूळ भरायला लावली. आईने तोंड पुसलं.

"मी बोलायला हवं होतं तेव्हा," ती म्हणाली. "त्यांनी काहीही म्हणू दे. आणि ऐक, हसले नाहीत असं काही नाही हं. घरात ओठ मिटून पोट धरून हसायचे. मलाच माहीत आहे ते, म्हणून तुला सांगते."

डॉक्टरबाईंनी डोळे पुसायला कोटाची बाही वापरली, आणि आई त्यावरूनही बोलली.

आई गेल्यावर त्यांनी तिचं कार्ड पुढे ओढलं. तारीख, दात, रंग, सिमेंट सगळं लिहिलं. 'सोबत' या रकान्यापाशी पेन थांबलं. डॉक्टर चालत नाही, हा नेम त्यांचाच होता. मग त्यांनी त्या रकान्यात लिहिलं: 'मुलगी.'